नळाला पाणी किती तास येतं? पाइपलाइनच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.टेक. किंवा पीएच.डी.ला पाणीपुरवठ्याचं जाळं हा विषय घेतला असेल, तर एव्हाना कुणीतरी तुम्हाला सांगितलंच असेल: एपानेट (पाण्याच्या जाळ्यातला प्रवाह आणि दाब काढणारं सॉफ्टवेअर) डाउनलोड कर, हनोईचं नेटवर्क (सगळे सरावाला घेतात ते नमुना जाळं) घे, त्यावर एखादा नवा अल्गोरिदम चालव, पेपर निघतो. निघतो, खोटं नाही. पण हनोईच्या त्या ३४ पाइपांवर आजवर इतके अल्गोरिदम चालून झालेत की खुद्द हनोईकरांनाही त्यांची एवढी काळजी नसेल. हात बसायला आठवडाभर ठीक आहे. प्रबंध म्हणून नको. आपल्याकडचे प्रश्न त्या ३४ पाइपांत नाहीतच.

हेझन-विल्यम्स (घर्षणाचं सूत्र), लूप, नोड (पाइप जुळतात किंवा पाणी घेतलं जातं तो बिंदू) हे तुम्हाला येतं असं धरून थेट त्या खड्ड्याकडे येते, जिथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला.

एपानेटला नेहमीच्या पद्धतीने चालवलं की तुम्ही लिहाल ती मागणी ते प्रत्येक नोडला पोचवतंच. दाब असो नसो. समजा एका झोनमध्ये १०,००० माणसं आहेत. माणशी १३५ लिटर धरले की दिवसाचे साडेतेरा लाख लिटर. ते २४ तासांवर पसरले की सेकंदाला साधारण १५.६ लिटर. हा आकडा टाका, रन द्या, नकाशा हिरवागार. गाइड खूश, तुम्ही खूश.

आता त्या झोनला पाणी रोज तीनच तास सुटतं हे जमेला धरा. तेच साडेतेरा लाख लिटर तीन तासांत जायचे तर सेकंदाला १२५ लिटर लागतील. प्रवाह आठपट झाला. पण घर्षणात जाणारा हेड, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेला दाब, आठपटीवर थांबत नाही. सूत्रात प्रवाहाचा घात १.८५२ आहे, त्यामुळे तो सुमारे ४७ पट होतो. जिथे दोन मीटर जात होते तिथे ९४ मीटर जायला हवेत, आणि एवढा हेड द्यायला कुठल्या गावाच्या उंच टाकीला जमणार? म्हणून प्रत्यक्षात टाकीजवळचे आणि सखल भागातले लोक सम्प (जमिनीतली टाकी) भरून मोकळे होतात, आणि टोकाच्या गल्लीत नळाला नुसती हवा येते. तिथले लोक मग नळाला थेट मोटर लावतात आणि गणित आणखी बिघडतं.

मागणीला आठचा गुणक लावला की एपानेट उणे दाबाचे इशारे द्यायला लागतं. इथे मोह होतो. सी-व्हॅल्यू (पाइप आतून किती गुळगुळीत आहे तो आकडा) ११० ची १४० करायची, दोन-चार व्यास वाढवायचे, इशारे गेले की सुटलो. करू नका हे, अजिबात करू नका. उणे ३० मीटर हा पाइपातला दाब नसतोच, पाण्याच्या पाइपात तो शक्यही नाही. तुम्ही अशक्य मागणी लादली आहे एवढंच तो आकडा सांगतो.

यावर उपाय म्हणजे दाबावर अवलंबून असलेलं विश्लेषण, म्हणजे पीडीए. २०२० साली आलेल्या एपानेट २.२ पासून ते आतच मिळतं: किमान दाब, लागणारा दाब आणि घातांक, एवढंच भरायचं. लागणाऱ्या दाबासाठी सगळे सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या १९९९ च्या मॅन्युअलमधले आकडे उचलत आलेत: एकमजली वस्तीला ७ मीटर, दुमजलीला १२, तीनमजलीला १७. पण जिथे घरोघर जमिनीतला सम्पच भरला जातो, तिथे डोळे झाकून १२ लिहिणं मला पटत नाही. लोक पाणी कुठे घेतात ते बघून ठरवा.

पीडीए लावलं की सुटलो असं मला वाटलं होतं. नाही सुटले, कारण मागणी मी तीच ठेवली होती, १५.६. आणि पीडीए लिहिलेल्या मागणीपेक्षा जास्त थेंबही देत नाही. दाब भरपूर असला तरी ते सरासरीवर येऊन थांबतं. निकाल म्हणतो सगळे समाधानी, आणि तीन तासांत हिशेबाने प्रत्येकाला गरजेच्या आठव्या हिश्श्याएवढंच पाणी मिळालेलं असतं. कुठेही लाल रंग नाही, कुठेही इशारा नाही. म्हणूनच हा सापळा वाईट. सादरीकरणात एका बाहेरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, ‘पाणी किती तास येतं?’ आणि माझी पुढची सगळी पानं गेली.

खंडित पुरवठ्यात घरातला नळ म्हणजे टाकी भरेपर्यंत उघडं राहिलेलं भोक. मॉडेलमध्येही ते तसंच दाखवावं लागतं: नोडला एमिटर (दाबाप्रमाणे कमी-जास्त पाणी सोडणारं भोक) द्या, किंवा दिवसाच्या गरजेएवढी छोटी काल्पनिक टाकी जोडा, जी भरली की पाणी घेणं थांबवते. एमिटरला दोन खोडी आहेत. एक, त्याला कमाल मर्यादा नसते. दोन, दाब उणे झाला की तो बाहेरून पाणी आत ओढतो. म्हणून मध्ये चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असलेला एक आखूड पाइप घाला. आणि एवढं करूनही चावी (व्हॉल्व्ह) उघडल्यावर रिकामा पाइप भरतो तो सुरुवातीचा काळ एपानेटला दिसत नाही, ते पाइप भरलेलेच धरतं. तेवढ्यासाठी काही जण गटारांसाठी बनलेलं स्वम (SWMM) हे सॉफ्टवेअर वापरतात. पहिल्या प्रबंधात त्यात शिरू नका.

एक राग इथेच काढून घेते. हे सगळं बाहेरून आलेलं ज्ञान आहे अशा थाटात आपल्याकडे शिकवलं जातं. दाब कमी पडला तर नोडला खरोखर किती पाणी मिळेल, हा प्रश्न प्रा. पी. आर. भावे यांनी नागपूरच्या व्हीआरसीई या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आताच्या व्हीएनआयटीत बसून १९८१ मध्ये मांडला होता. एपानेटची पहिली आवृत्ती १९९३ ची. भावे आणि राजेश गुप्ता यांचं काम आधी वाचा, मग बाकीचे संदर्भ गोळा करा.

उपकरणांचीही हीच गोष्ट. गळती शोधायला रात्रीचा किमान प्रवाह मोजा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. रात्री पाणीच नसेल तर मोजणार काय? कोरिलेटर हे यंत्र गळतीचा आवाज ऐकतं, पण त्यासाठी पाइपात दाब हवा, आणि पीव्हीसी किंवा एचडीपीईमध्ये आवाज लवकर विरतो. जीपीआरचं, म्हणजे जमिनीखालचं बघणाऱ्या रडारचं, तर विचारूच नका. विदर्भ-मराठवाड्यातली ओली काळी माती त्याचे तरंग गिळून टाकते. भाड्याने आणण्याआधी त्या जागेची माती बघा. उन्हाळ्यात जमलं तर जमलं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. प्राध्यापक तुम्हाला पेपर लिहायला शिकवतील, ते हवंच. जाळं मात्र चाव्या उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या चावीवाल्याला माहीत असतं. कुठली चावी अर्धवट फिरते, नकाशावरचा कुठला पाइप कधीच बंद झालाय, कुठल्या गल्लीने ओरड केली की वेळ वाढते, हे कुठल्याही जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशात) नाही. त्यांना ‘डेटा द्या’ म्हणू नका. पाण्याच्या पाळीला त्यांच्यासोबत फिरा, ‘काका, ही चावी का?’ एवढंच विचारत राहा.

घाबरू नका, असंही सांगते. या विषयाला काम आहे. जल जीवन आणि अमृतच्या योजनांमुळे डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) करणाऱ्या सल्लागारांना हायड्रॉलिक मॉडेल वाचता येणारी माणसं लागतात. ग्रामीण योजनांच्या रचनेसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं जलतंत्र हे सॉफ्टवेअर शिकून ठेवा. ट्रेंचलेसमध्ये (चर न खोदता पाइप टाकणं, दुरुस्त करणं) जायचं असेल तर टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला किंवा लुइझियाना टेकला त्यासाठी स्वतंत्र केंद्रं आहेत. पण तिथला प्रश्न मुख्यतः जुन्या, सतत भरलेल्या पाइपांचा आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचा आहे. कराडजवळच्या मलकापूरसारखी चोवीस तास पाणी देणारी गावं आपल्याकडे अजून मोजकीच. परत येऊन काम करायचं असेल तर हा फरक जाण्याआधीच ध्यानात ठेवा.

सुरुवात अशी करा. कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्याल त्यात नकाशाच्या आधी झोननिहाय पाणी सोडण्याचं वेळापत्रक मागा. नकाशा मिळायला महिने लागतात, वेळापत्रक बहुतेकदा त्याच दिवशी मिळतं. लॉगर (दाब आपोआप नोंदवणारं यंत्र) नसेल तर दाबमापक आणि अर्ध्या इंचाचं निप्पल घ्या, टाकीजवळचं एक घर आणि टोकाचं एक घर निवडा आणि पाणी सुटल्यापासून जाईपर्यंत दर दहा मिनिटांनी आकडा लिहा. दाबमापकावरचा १ किलो (चौरस सेंटिमीटरला) म्हणजे १० मीटर. पावसाळ्याआधी उरकून घ्या. पाऊस लागला की रस्ते खोदायची परवानगी थांबते, आणि उघड्या चरात पाइपाचा खरा व्यास बघायची संधी पुढच्या हंगामावर जाते.