परदेशी शिक्षणाचा अर्ज भरताय? सांगली-साताऱ्याच्या मुलांनो, या चुका टाळा

परदेशातल्या विद्यापीठाला अर्ज करायचा म्हटलं की आपल्याकडची मुलं आधी प्रमाणपत्रांची फाईल काढतात. दोन दिवसांची कार्यशाळा, ऑनलाइन क्विझ, वक्तृत्वातलं उत्तेजनार्थ, गॅदरिंगचा स्वयंसेवक. सगळे कागद स्कॅन होतात आणि खरं काम मात्र अर्जाबाहेर राहतं. मला याचं फार वाईट वाटतं.

साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ योजनेत राबून शिकलेला मुलगा त्याचा साधा उल्लेखही करत नाही. घरची गरिबी दिसेल, ही भीती. अरे, ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणणाऱ्या कर्मवीरांच्या रयतमध्ये तू शिकलास! हाताला काम आणि डोक्याला अभ्यास, दोन्ही एकाच वेळी पेलल्याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठून आणणार? तासगावकडची मुलगी ऑक्टोबर छाटणीपासून बेदाणा विकेपर्यंत घरच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी आणि मजुरीचा हिशेब ठेवते, आणि अर्जात लिहिते, ‘छंद: वाचन, संगीत’. अमेरिकेत पदवीच्या प्रवेशासाठी बरीच विद्यापीठं ‘कॉमन ॲप’ हा सामायिक ऑनलाइन अर्ज वापरतात. त्यात १० उपक्रमांची जागा असते आणि घरची जबाबदारी, नोकरी हेही तिथे उपक्रमच धरतात. वर्णनाला मात्र जेमतेम १५० अक्षरं मिळतात, त्यामुळे विशेषणं काढा आणि काम लिहा.

कामही नेमकं लिहा. ‘महापुरात मदतकार्य केले’ हे वाक्य सांगलीतले निम्मे अर्जदार लिहितात. कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा तुम्ही कुठल्या भागात होतात? तुमच्याकडे काय होतं, औषधांची यादी, जेवणाची पाकिटं की जनावरांचा चारा? पाणी ओसरल्यावर पुढे काय केलंत? वाचणाऱ्याला तेवढ्यावरून तुम्ही दिसता.

दुसरी मोठी चूक म्हणजे एकच मजकूर सगळ्या देशांना पाठवणं. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं प्रवेश देताना मुख्यतः गुण, आधीचे विषय आणि भाषा पाहतात. तिथे नाटकातल्या बक्षिसानं सहसा काही हलत नाही. तिथे अडतं ते एपीएस प्रमाणपत्रापाशी, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणाऱ्या दाखल्यापाशी. भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते नोव्हेंबर २०२२ पासून लागतं, आणि मुलं ऐन वेळी धावपळ करतात. शिष्यवृत्तीचं गणित वेगळं. ब्रिटनच्या ‘चिव्हनिंग’ शिष्यवृत्तीत नेतृत्व बघतात आणि २,८०० तासांचा कामाचा अनुभवही मागतात. त्यात अर्धवेळ आणि स्वयंसेवी काम धरतात, तरी शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करण्याची घाई करू नका.

एनएसएसचं प्रमाणपत्र कॉलेज सोडण्याआधीच हातात घ्या. २ वर्षांचे २४० तास आणि ७ दिवसांचं विशेष शिबिर यांची नोंद कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे असते. सरांची बदली झाली, की जुनी रजिस्टरं शोधत बसावं लागतं.

शिफारसपत्राला विभागप्रमुखच हवेत, हाही गैरसमज. ज्यांना तुमचं नाव आठवत नाही, त्यांच्या मोठ्या हुद्द्याचा उपयोग नाही. एकांकिकेची तालीम रात्री संपल्यावरही सकाळी प्रॅक्टिकलला हजर असलेली मुलगी ज्या मॅडमनी पाहिली, त्यांना विनंती करा आणि काय काय केलंत त्याची टिपणं द्या. पत्र त्यांनाच लिहू द्या. एकाच्याच भाषेतली तीन पत्रं वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतात.

आता नावाचं. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, असा क्रम असतो. पासपोर्टवर तो बदलतो. अर्जात, इंग्रजीच्या परीक्षेत आणि बँकेत सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आधी कॉलेज-विद्यापीठाकडून दुरुस्ती करून घ्या. व्हिसाच्या तारखेच्या तोंडावर हे काम होत नाही.

तिकडे पोचल्यावर पहिले काही आठवडे मुलं खोलीत बसून काढतात, आणि क्लबांची नोंदणी नेमकी तेव्हाच असते. ब्रिटनमध्ये ‘फ्रेशर्स वीक’ चुकवू नका. जर्मनीत ‘होखशूलश्पोर्ट’च्या नावाखाली खेळांचे वर्ग अगदी स्वस्तात चालतात. आपल्याकडे कबड्डी-खोखो खेळलेल्या मुलाला तिथे ओळखी करायला भाषेचीही फार अडचण येत नाही. नोकरीच्या तासांची मर्यादा मात्र पाळा. ब्रिटनमध्ये पदवी-पदव्युत्तरला सत्र चालू असताना साधारणपणे आठवड्याला २० तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. ओळखीच्या हॉटेलात रोख पैशावर जादा तास करायला कुणी सांगितलं, तर स्पष्ट नाही म्हणा. व्हिसा तुमचा जातो, त्याचा नाही.

एका सेमिस्टरसाठी जाणाऱ्यांनी तिथले कुठले विषय इथे धरले जातील, हे निघण्याआधी कॉलेजकडून लेखी घ्यावं. येताना त्या विषयांचा अभ्यासक्रम आणि शिक्क्याचं गुणपत्रक सोबत आणावं, कारण इथल्या परीक्षा विभागात पहिल्याच दिवशी तेच मागतात.