सुलव्हेन ते केप रॅथ: स्कॉटलंडच्या वायव्य टोकावरच्या आडवाटांची तयारी

कळसूबाई १६४६ मीटर आणि स्कॉटलंडमधला सुलव्हेन डोंगर अवघा ७३१, एवढंच पाहून सॅक भरली तर ती हमखास चुकीची भरली जाते. सुलव्हेन ज्या भागात आहे त्या सदरलँडमधल्या असिंटमध्ये चाल जवळपास समुद्रसपाटीपासून सुरू होते. डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंतच सहा-सात किलोमीटर उघड्या माळावरून जावं लागतं, आणि भिजलेल्या माणसाला वाऱ्यात हुडहुडी भरायला जून महिनाही चालतो. इथे उंचीपेक्षा पाणी जास्त अडवतं: वरून पडणारं, पायाखाली साचलेलं आणि ओढ्यातून आडवं येणारं. यादी पाण्याच्याच हिशेबाने करावी.

महिना निवडायचा तर मे. पाऊस त्यातल्या त्यात कमी, उजेड रात्री उशिरापर्यंत, आणि मिज नावाच्या चावऱ्या चिलटांनी अजून जोर धरलेला नसतो. जूनमध्ये साधारण अठरा तास उजेड मिळतो, पण चिलटं सुरू होतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम. तेव्हा कुठल्या बाजूला शिकार चालू आहे हे त्या भागातल्या इस्टेटीकडे, म्हणजे मोठ्या खासगी जमिनीच्या मालकांकडे, आधी विचारून घ्यावं. डिसेंबरात दिवस सहा-साडेसहा तासांचा. पहिल्या खेपेला तो नकोच.

अंगावरच्या कपड्यांत तडजोड नको. टोपीवाला पक्का वॉटरप्रूफ कोट आणि तशीच पँट, दोन्ही. सह्याद्रीत चालणारा पाँचो इथे वाऱ्याने डोक्यावर जातो आणि छत्रीची पहिल्याच खिंडीत काडी होते. आत लोकरीचा किंवा सिंथेटिक बनियन, त्यावर फ्लीस. सुती टी-शर्ट आणि जीन्स घरी ठेवा, कारण सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगाची ऊब ओढून घेतं. हातमोजे आणि कानटोपी मे-जूनमध्येही लागतात. सॅकचं रेनकव्हर वारा उडवून नेतो, म्हणून सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरावं. झोपायची बॅग आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या वॉटरप्रूफ पिशवीत. हा जोड फक्त तंबूत किंवा बॉथीत, म्हणजे माळावरच्या दगडी निवाऱ्यात घालायचा. सकाळी पुन्हा ओलेच कपडे चढवायचे, कितीही जिवावर आलं तरी. कोरडा जोड भिजला की त्या रात्री ऊब द्यायला काही उरत नाही.

पायाखालच्या पाण्यामागे भूगोल आहे. इथला तळाचा नाइस खडक पाणी मुरू देत नाही. त्यातले काही थर ३०० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत. हिमनद्यांनी त्यात खळगे कोरले, त्यांची शेकडो तळी झाली आणि मधल्या जागेत पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची, दलदल साठली. त्यामुळे नकाशावर सरळ रेघ मारून चालता येत नाही. दर पाचशे मीटरला एखादं तळं वळसा घालायला लावतं. चटक हिरवं, मऊसूत शेवाळ दिसलं की त्यावर पाय देऊ नका, उंच गवताचे झुबके किंवा उघडा कातळ धरून जा. घोटा झाकणारे बूट, बुटावरून गुडघ्यापर्यंत बांधायचं कापडी वेष्टण (गेटर), मोज्यांचे तीन जोड आणि दोन काठ्या. ‘पूर्ण वॉटरप्रूफ’ बुटांवर फार विसंबू नका. पाणी वरून आत शिरतं आणि तेच बूट मग ते बाहेर सोडत नाहीत.

वेळेचं गणित १८९२ सालच्या नेस्मिथच्या नियमाने मांडतात: पाच किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. बांधलेल्या पायवाटेवर तो चालतो. वाट संपली की वेग ताशी तीन किलोमीटर धरा, सॅक जड असेल तर अडीच. लॉखिन्व्हरजवळच्या ग्लेनकॅनिस्पहून सुलव्हेन जाऊन-येऊन साधारण वीस किलोमीटर, म्हणजे आठ-नऊ तास. उत्तरेकडची तीव्र घळ चढून खिंडीत आलात की उजवीकडे, पश्चिमेला वळायचं. कॅश्टल लिया हा सर्वोच्च माथा तिकडे आहे. डावीकडच्या धारेवर हात लावून चढाई करावी लागते, ती भिजलेल्या वाळूच्या खडकावर करू नये.

ओढ्यांची तयारी घरी नकाशासमोर बसूनच होते. वाटेत ओढा कुठे आडवा येतो, पूल कुठे आहे आणि पूर आला तर माघारी कुठून फिरायचं, हे पेन्सिलीने लिहून ठेवा. जमीन पाणी मुरवत नसल्यामुळे दोन तासांच्या पावसात सकाळचा घोट्याएवढा ओढा मांडीपर्यंत चढतो. दक्षिणेला शेनव्हाल बॉथीपलीकडची नदी यासाठी कुप्रसिद्ध आहे. गुडघ्याच्या वर जोरदार पाणी असेल तर उतरू नका. जमीन पाणी लवकर सोडते म्हणून पूर ओसरतोही लवकर. तंबू लावून सकाळपर्यंत थांबणं बहुतेकदा पुरतं. उतरायचंच असेल तर पात्र रुंद आणि उथळ असेल तिथे. खाली धबधबा असेल तिथे कधीच नाही. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, बूट पायातच ठेवा, मोजे काढा, तोंड प्रवाहाकडे करून काठ्या टेकत बाजूने सरका.

नकाशा कागदाचाच हवा. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:५०,००० मालिकेतले १५ नंबरचं असिंटचं आणि ९ नंबरचं केप रॅथचं पान, होकायंत्र, आणि दोन्ही वापरायचा सराव. फोनला बराच वेळ रेंज नसते आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते. केप रॅथ ट्रेल ही फोर्ट विल्यमपासूनची साधारण ३७० किलोमीटरची वाट अधिकृत नाही, तिच्यावर खुणाही नाहीत. तिचा शेवटचा तुकडा वेगळा करता येतो. ब्लेअरमोरहून सँडवुड बेपर्यंत साडेसहा किलोमीटरची चांगली पायवाट आहे, नवख्यांनी तिथूनच परतावं. पुढे केप रॅथकडे वाट नाही, ओढे आहेत, आणि शेवटी संरक्षण खात्याची गोळीबाराची हद्द. तिचं वेळापत्रक जाहीर होतं. निघण्याआधी ते पाहा आणि लाल निशाण दिसलं तर आत जाऊ नका. केप रॅथच्या दीपगृहाकडून परत आणणारी मिनीबस आणि होडी फक्त हंगामात, तेही हवामान साथ देईल तशी. म्हणून एका दिवसाचं जास्तीचं खाणं बरोबर हवंच.

मिजवर वारा हाच खरा उतारा. ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा असला की त्यांना उडता येत नाही, म्हणून तंबू ओढ्याकाठच्या दबक्या जागेत न लावता उंचवट्यावर लावा. डोक्यावरची जाळी आणि वीस टक्के इकारिडिनचं मलम जवळ ठेवा. गोचीड जास्त गंभीर आहे, तिच्यातून लाइम रोग होतो. पँट मोज्यात खोचा आणि रोज रात्री काखा, जांघा, गुडघ्यामागचा भाग तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी असले उपाय करू नका. पुढच्या महिनाभरात लाल चट्टा पसरत गेला तर डॉक्टर गाठा.

खाण्याचं मोठं दुकान उल्लापूलला. पुढे छोटी दुकानं, लवकर बंद होणारी. भारतातून येणाऱ्यांनी चिक्की, भडंग, सातूचं पीठ, कोरड्या उपम्याची पाकिटं आणावीत. पेढे, पनीर आणू नयेत, भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. गॅसचा डबा विमानात नेता येत नाही, तो इन्व्हर्नेसला घ्या. २३० ग्रॅमचा, स्क्रूसारखा फिरवून बसवायचा डबा दोघांना नुसतं पाणी उकळायला तीन दिवस पुरतो. ओढ्याचं पाणी पीटमुळे चहासारखं दिसतं, रंगाला घाबरू नका; पण वरच्या अंगाला मेंढी किंवा हरीण मरून पडलेलं असू शकतं, म्हणून उकळून किंवा गाळूनच प्या.

२००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही माळावर चालायचा आणि तंबू टाकायचा हक्क दिला आहे. एका जागी दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त नाही, घरांपासून लांब. शौचाला पाण्यापासून तीस मीटर दूर, पंधरा सेंटीमीटर खोल खड्डा, खुरपं लागतंच. बॉथी म्हणजे विनाशुल्क, कुलूप नसलेलं दगडी घर. आरक्षण नसतं, ती भरलेली असू शकते, म्हणून तंबू बरोबर हवाच. पीटमध्ये छोट्या खुंट्या धरत नाहीत, वीस सेंटीमीटरच्या घ्या.

शेवटी सुटकेची सोय. मार्ग आणि परतायची वेळ कागदावर लिहून मुक्कामाच्या ठिकाणी द्या, आणि परतल्यावर तसं कळवा. मदतीसाठी ९९९ लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ही पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत. ब्रिटनचं सिम असेल तर ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत ९९९ वर मेसेज करून आधीच नोंदणी करा, कारण कॉल लागत नाही तिथे मेसेज जाऊ शकतो. शिट्टी किंवा बॅटरीचा इशारा म्हणजे एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. उत्तर तीनदा येतं. ते आलं तरी लोक प्रत्यक्ष पोचेपर्यंत इशारा चालूच ठेवायचा.