मृत्युपत्र: लिहिताना, सही करताना आणि ठेवताना

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरीही लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेलं किंवा टाइप केलेलं चालतं. भाषा थोडी वेडीवाकडी असली तरी निभावून जातं. अडतं ते सह्यांपाशी, नाहीतर मूळ कागद सापडत नाही म्हणून.

आधी कागद जमवा: शेतीचा सातबारा आणि आठ-अ, घराचं मालमत्ता पत्रक, फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. ‘गावची जमीन धाकट्याला’ एवढंच लिहिलं की भावाभावांत मोजणी लागलीच समजा. गाव, तालुका, गट नंबर, क्षेत्र आणि त्यातला तुमचा हिस्सा लिहा. बँकेचं नाव आणि शाखा द्या, पण शिल्लक रक्कम नको, ती रोज बदलते. मुदत ठेवीचा पावती क्रमांकही नूतनीकरणात बदलू शकतो, म्हणून ‘या शाखेतील माझ्या सर्व ठेवी’ हे बरं.

वडिलोपार्जित मालमत्तेतला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापुढे जाता येत नाही. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे, तिथे मुलं असतील तर निम्म्या मालमत्तेवर त्यांचा राखीव हक्क असतो. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे नॉमिनीच्या हाती देते, पण त्यांवरचा हक्क मृत्युपत्राने ठरतो.

सुरुवात अशी करा: ‘मी अमुक, वय ७१, राहणार अमुक, हे माझे शेवटचे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वखुशीने करीत आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या रद्द समजाव्यात.’ शेवटी हे वाक्य हवंच: ‘वर न लिहिलेली व पुढे मिळणारी सर्व मालमत्ता अमुक हिला मिळावी, ती माझ्याआधी वारल्यास तिच्या मुलांना समसमान.’ व्यवस्थापक, म्हणजे तुमच्यामागे मृत्युपत्राप्रमाणे वाटप करणारा माणूस, नेमा, आणि तो नसल्यास दुसरा कोण तेही लिहा. एखाद्या मुलाला काही द्यायचं नसेल तर त्याचं नाव गाळू नका. नाव घेऊन एका ओळीत कारण लिहा, उणंदुणं काढू नका. नाव गाळलं की ‘बाबांना तेव्हा भानच नव्हतं’ म्हणायला वाव मिळतो.

आता सही. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा ‘ही माझी सही’ असं तुमच्या तोंडून ऐकलेलं हवं. आणि त्याने स्वतःची सही तुमच्या समोर करायला हवी. घरी सही करून कागद शेजाऱ्यांकडे ‘जरा सही करा’ म्हणून पाठवला, की मृत्युपत्र तिथेच फसलं. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असणं कायद्याने सक्तीचं नाही, तरी तिघं एका खोलीत बसाच. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत, कारण वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी एकाला तरी कोर्टात उभं राहावं लागतं. ज्याला मालमत्ता मिळणार तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको.

प्रत्येक पानावर ‘४ पैकी २’ असा क्रमांक आणि तुमची सही. रिकाम्या जागेवर तिरकी रेघ. तारीख त्याच वेळी हाताने घाला. खाडाखोड झालीच तर तिच्याशेजारी तुमची आणि दोन्ही साक्षीदारांची सही हवी, नाहीतर तो बदल धरला जात नाही. त्यापेक्षा पान नव्याने छापा. अंगठा उठवत असाल तर ‘वाचून दाखवले, समजले, कबूल आहे’ हे लिहून घ्या. वय किंवा आजार जास्त असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा. ‘तब्येत ठीक’ एवढं पुरत नाही. स्थळकाळाचं भान आहे, विचारलेलं समजून उत्तर देतात, असं त्यात हवं.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण करा. दुय्यम निबंधकाकडे साक्षीदारांसह जायचं. त्याला मुदत नाही. तुम्ही हयात असेपर्यंत नोंदीची नक्कल तुम्हाला किंवा तुमच्या मुखत्यारालाच मिळते, त्यामुळे बभ्रा होत नाही. मात्र नोंदणीमुळे मृत्युपत्र अभेद्य होत नाही. नंतर केलेलं, नोंदणी नसलेलं पण नीट सह्यांचं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृतावर मात करतं. मजकूर कुणालाच कळू द्यायचा नसेल तर सीलबंद लिफाफ्यावर नाव आणि ‘मृत्युपत्र’ असं लिहून तो जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतो. मृत्यूनंतर अर्ज केल्यावर तो अर्जदारासमोर उघडतात.

घरी ठेवणार असाल तर लॅमिनेशन करू नका; पुढे शाई-कागदाची तपासणी अवघड होते. पिना काढू नका, पानं बदलल्याचा संशय येतो. फक्त तुमच्या नावावरच्या लॉकरमध्ये एकमेव मूळ प्रत ठेवणं म्हणजे पेटीची किल्ली पेटीतच ठेवण्यासारखं. झेरॉक्सवर ‘प्रत’ असं ठळक लिहा. मूळ कुठे आहे हे व्यवस्थापकाला सांगा, मजकूर सांगायची गरज नाही.

फ्लॅट विकला, वारस वारला किंवा साक्षीदार गेला, तर नवं मृत्युपत्र करा. पुरवणीलाही, म्हणजे जुन्या मृत्युपत्रात बदल करणाऱ्या जोडकागदालाही, तसेच दोन साक्षीदार लागतात, मग तिचा फायदा तो काय?