गारपिटीचा इशारा आला, आता शेतात काय उरकायचे?

नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत राज्यात अधूनमधून गारपिटीची स्थिती जुळून येते. उत्तरेतून जाणाऱ्या पश्चिमी झंझावाताचा (पश्चिमेकडून येणाऱ्या हिवाळी वादळी प्रणालीचा) पट्टा खाली महाराष्ट्रापर्यंत उतरतो, वरच्या थरात गार हवा भरते, आणि खालच्या थरात बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून दमट वारे येऊन मिळतात. पहाटेची थंडी एकाएकी नाहीशी होते, दुपारी उकडते आणि तिसऱ्या प्रहरी ढग बघता बघता उंच चढतात. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट याच काळातली, आणि निफाड भागातल्या द्राक्षबागा झोडपणारी 26 नोव्हेंबर 2023 ची गारपीटही. ऐन हिवाळ्यात थंडी अचानक पळाली तर तिचा आनंद मानू नका. त्याच संध्याकाळी हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा बघा.

तो इशारा नीट वाचता आला पाहिजे. हिरवा म्हणजे धोका नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. शब्दांनाही ठरलेले माप आहे. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर चौथाई ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे चौथाई ते निम्म्या. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून जास्त. शिवाय हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. म्हणजे 27 तारखेच्या इशाऱ्यात 28 ची पहाटही आली. रात्री बारा वाजले, धोका टळला, असे समजून ताडपत्री काढणाऱ्यांचा माल पहाटेच भिजतो.

इशारा जिल्ह्याचा असतो, गार मात्र चिंचोळ्या पट्ट्याने पडते. एक शिवार झोपते आणि शेजारच्या गावात टिपूसही नसतो. दोन पिवळे इशारे कोरडे गेले की तिसऱ्या वेळी नारिंगी आला तरी कोणी हलत नाही, आणि नुकसान नेमके तिथे होते. आमचे सांगणे एवढेच: ज्या कामांना पैसे लागत नाहीत आणि पाऊस आला नाही तरी काही बिघडत नाही, ती पिवळ्यावरच उरका. मजूर, गाडी, लवकर काढणी अशी खर्चाची कामे नारिंगीवर. लाल आल्यावर शेतात नवे काम काढायचे नाही, माणसे आणि जनावरे आत घ्यायची. पाच दिवसांचा अंदाज, मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला (मेघदूत ॲपवर मिळतो), आणि ऐन वेळी पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा, या तिन्हींची सांगड घाला.

पिवळ्यावर करायची कामे

पाणी देणे थांबवा. ओंबी धरलेल्या गव्हाला आज पाणी दिले आणि उद्या वाऱ्यासह पाऊस आला, तर माती सैल होते आणि उभे पीक मुळासकट लोळते. हरभऱ्यात पाणी साचले की मूळकूज लागते, म्हणून उताराकडच्या बाजूला बांध फोडून चर मोकळे करा. युरियाचा हप्ता आणि तणनाशक पुढे ढकला. फवारणीनंतर किमान चार-पाच तास उघडीप मिळणार नसेल तर औषध वाहून जाते आणि पैसाही.

काढलेल्या मालाकडे त्याच दिवशी बघा. तुरीची सुडी (कापलेल्या पिकाची रचलेली गंजी) उंच जागी घ्या, बुडाला लाकडे किंवा दगड ठेवा, ताडपत्रीची कड जमिनीपर्यंत न आणता वीतभर वर ठेवा, नाहीतर आत वाफ धरते आणि दाणा काळा पडतो. दोरी सुडीवरून आडवी-उभी दोन्हीकडून घ्या; ताडपत्रीच्या डोळ्यांत अडकवलेली एकटी दोरी सोसाट्याच्या वाऱ्यात टिकत नाही, डोळाच फाटून निघतो. फुटलेला कापूस वेचून घ्या आणि पावसानंतर वेचलेला ओला कापूस त्यात मिसळू नका. काढून पातीसह सुकत टाकलेला कांदा गोळा करून झाका, पण भिजलाच तर ढीग करू नका. सावलीत पातळ पसरा आणि मान पूर्ण सुकल्याशिवाय कांदाचाळीत भरू नका. चाळीत गेलेला एक ओला थर शेजारचे चार थर सडवतो.

द्राक्षबागेत सगळ्यात आधी मांडव

घडांची काळजी सगळेच करतात, वेल पेलणाऱ्या खांब-तारांच्या मांडवाची कमी जण करतात. घडांनी भरलेली, पावसाने ओली झालेली वेल आणि तिच्यावर ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा झोत, एवढा भार शेवटी ओळीच्या टोकाच्या खांबावर आणि त्याला मागे खेचून धरणाऱ्या ताणाच्या तारेवर येतो. ओल्या मातीत ताणाच्या तारेला बांधून पुरलेला दगड बोटभर जरी वर सरकला तरी तार ढिली होते, टोकाचा खांब आत झुकतो आणि मागचे खांब एकापाठोपाठ एक जातात. म्हणून ओळीच्या टोकाला उभे राहून प्रत्येक ताण हाताने दाबून बघा. तार वीतभर दबत असेल तर ती आजच आवळायची. दगडाभोवतीची माती भेगाळली असेल तर ती ठोकून भरा आणि टोकाच्या खांबाला आतल्या बाजूने बांबूचा किंवा लाकडाचा तिरका टेकू द्या.

मग घडांचा विचार, आणि तो अवस्थेप्रमाणे वेगळा. फुलोऱ्यात आणि मणी ज्वारी-बाजरीएवढे असताना खरा शत्रू डाऊनी हा बुरशीचा रोग. पान रात्रभर ओले राहिले की तो पसरतो, आणि तेलकट डाग दिसायला पाच-सात दिवस जातात. डाग दिसल्यावरची फवारणी उशिराची असते. म्हणून पावसाआधी संरक्षक बुरशीनाशक, आणि पाऊस थांबून पाने निथळली की पुन्हा. दाट कॅनॉपीत (पाना-फांद्यांच्या गर्दीत) हवा खेळावी म्हणून घडासमोरच्या जास्तीच्या फुटी आधीच काढा. गारांचा धोका असेल तर वरची पाने मात्र काढू नका, घडावर तेच छप्पर आहे.

मण्यात गोडी भरत असताना प्रश्न तडकण्याचा. मुळांतून आणि सालीतून एकदम पाणी शिरते, आतला दाब वाढतो आणि साल फाटते. ज्या बागेत आधी पाणी तोडून ताण दिलेला असतो, तिथे तडकण्याचे प्रमाण जास्त. म्हणून ठिबक पूर्ण बंद करून बाग सुकवू नका. पावसाआधी रोजचे थोडे पाणी चालू ठेवा, पाऊस पडल्यावर बंद करा. पाऊस थांबताच, रात्री थांबला तर उजाडताच, तारा हलवून घडातले पाणी झटका किंवा ब्लोअर पाणी न घेता नुसत्या हवेवर फिरवा. घट्ट घडाच्या पोटात अडकलेला थेंब सर्वांत जास्त नुकसान करतो. थंडीसाठी घडांना कागद गुंडाळले असतील आणि ते भिजले असतील तर लगेच काढा. ओला कागद मण्याला चिकटला की आत कूज सुरू होते. साखर 18 ब्रिक्सच्या (रसातली गोडी मोजायचे माप) पुढे असेल आणि नारिंगी इशारा असेल, तर दराची वाट न बघता काढणी करा, हे आमचे स्पष्ट मत. ओला घड मात्र क्रेटमध्ये भरू नका. काढणीच्या तोंडावर कोणतेही औषध फवारताना लेबलवरचा काढणीपूर्व काळ (फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस) मोजा.

पॉलीहाऊस असेल तर वाऱ्याच्या बाजूचे पडदे पूर्ण खाली घेऊन बांधा. अर्धवट उघड्या पडद्यातून शिरलेला वारा छत वर उचलतो. सपाट छताच्या शेडनेटमध्ये गारा झोळीसारख्या साठतात आणि पाईप वाकतात. साठलेल्या गारा खाली उभे राहून काठीने ढोसू नका. गारा थांबल्यावर बाजूने दोरी सोडून नेट उतरवा.

जनावरे

डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला पुणे आणि नगर जिल्ह्यांत थंड पाऊस झाला आणि उघड्यावरच्या शेळ्या-मेंढ्या मोठ्या संख्येने दगावल्या. त्यासाठी गारा किंवा वीज पडावी लागली नाही. भिजलेली लोकर आणि त्यावर रात्रभर वारा, एवढ्याने अंगातली ऊब निघून जाते. सगळ्यात आधी बळी पडतात ती कोकरे-करडे, गाभण मेंढ्या आणि नुकतीच लोकर कातरलेली जनावरे. पिवळा इशारा असतानाच कातरणी थांबवा आणि कळप आडोशाला हलवा. छप्पर नसेल तर निदान वाऱ्याच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्यांची कमरेएवढी भिंत करा. खाली कोरडा भुसा किंवा पाचट चार बोटे जाड हवे. भिजलेले कोकरू कोरड्या पोत्याने चोळून सुकवा, मग कोमट गूळपाणी पाजा. ते निपचित पडले असेल, गिळत नसेल तर तोंडात काही ओतू नका, आधी ऊब द्या. अंगात ऊब यावी म्हणून एकदम जास्त धान्य चारण्याची चूक होते, त्याने पोट बिघडते. कोरडी वैरण वाढवा. पावसाने ओला झालेला लसूणघास तसाच घातला तर पोट फुगते.

एकट्या झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाला जनावर बांधू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. दामिनी ॲप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देते. पंपाचा मुख्य स्विच ढग गर्जण्याआधीच बंद करा. नंतर ओल्या स्टार्टर पेटीला किंवा पडलेल्या तारेला हात लावायचा नाही.

गारा पडून गेल्यावर

पहिले 24 तास जखमांचे. डाळिंबावर गारांच्या जखमांतून तेल्या हा जिवाणूंचा रोग शिरतो, म्हणून 0.5 टक्के बोर्डो मिश्रण फवारा: 100 लिटर पाण्याला 500 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 500 ग्रॅम चुना. दोन्ही प्लास्टिकच्या वेगळ्या भांड्यांत, अर्ध्या-अर्ध्या पाण्यात विरघळवा आणि मोरचुदाचे पाणी ढवळत ढवळत चुन्याच्या पाण्यात ओता. उलट केले तर मिश्रण फाटते. लोखंडी, चकचकीत पाते मिश्रणात क्षणभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, पाने करपतील. थर येईनासा होईपर्यंत चुना वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. संत्रा-मोसंबीच्या फांद्यांची साल सोलली असेल तर मोडलेला भाग धारदार कात्रीने कापून 10 टक्के बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. विक्रीला आलेल्या द्राक्षघडावर बोर्डो नको, मण्यावर डाग राहतात.

कांद्याची पात फाटली असेल तर करप्यासाठी मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, 10 लिटरला 25 ग्रॅम, चिकटद्रव्यासह. लगेच खत टाकू नका. वाफसा येऊन नवी पात निघू लागली की मगच विद्राव्य खताची हलकी फवारणी.

आणि गाफील राहू नका, कारण ढग सरकताच उत्तरेचा वारा सुरू होतो आणि निरभ्र रात्री पारा घसरतो. मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी कमी झाले की थंडीची लाट म्हणतात. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडचा पारा 2 अंशांखाली गेला होता. जमीन कोरडी असेल तर संध्याकाळी हलके पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब रात्रभर सोडते; नुकताच पाऊस झाला असेल तर याची गरज नाही. रोपवाटिकेवर संध्याकाळी आच्छादन घाला, ते पानांना टेकू देऊ नका आणि सकाळी ऊन चढले की काढा. मण्यात पाणी उतरण्याच्या अवस्थेतल्या थॉमसन द्राक्षाला आणि तिच्या वाणांना 8 अंशांखाली पिंक बेरी येते, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडतात, तिथे कोरडे कागद पुन्हा लावा.

पंचनामा

गारा वितळण्याआधी एक फोटो शेजारी नाणे ठेवून घ्या, मग बांधावरून पूर्ण शेताचा, मग जवळून मोडलेल्या पिकाचा, तिन्ही स्थळ आणि वेळेसह. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहाय्यक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहाय्यक) यांना त्याच दिवशी कळवा. सरकारी मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावे लागते आणि ई-पीक पाहणीत (मोबाईल ॲपवरून सातबाऱ्यावर होणाऱ्या पीक नोंदीत) पिकाची नोंद लागते. फळपीक विम्यात गारपिटीचे जादा संरक्षण घेतले असेल तर 72 तासांच्या आत कळवणे आवश्यक आहे. खरीप 2025 पासून राज्यातली इतर पिकांची विमा भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतले उत्पन्न मोजून ठरते, म्हणून तिथली रीत वेगळी. मोडलेले पीक पंचनाम्याआधी उपटायची वेळ आलीच तर निदान दोन-तीन ओळी तशाच उभ्या ठेवा, आणि तक्रार नोंदवल्यावर मिळालेला क्रमांक सातबाऱ्याच्या प्रतीवरच लिहून ठेवा.