पिनकोडवरून नकाशावरची नेमकी जागा कशी शोधावी

पिनकोड नकाशाच्या ॲपमध्ये टाका, खूण उमटेल, तीच जागा: हा सल्ला सर्रास दिला जातो आणि त्यामुळेच माणसं भलत्या गावात पोचतात. पिनकोड म्हणजे एका पोस्टाचा वाटपाचा इलाखा. त्याच्या आत कुठेतरी ॲप एक खूण ठोकून देतं. त्या खुणेचा तुमच्या पत्त्याशी काही संबंध असेलच असं नाही.

आधी आकडे वाचा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन टपाल छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन पत्र वाटणारं पोस्ट. छाननीचा जिल्हा आणि महसुली जिल्हा एकच धरू नका. महाराष्ट्र ४० ते ४४ मध्ये येतो, पण ४०३ गोव्याचा. ९ ने सुरू होणारा क्रमांक लष्करी टपालाचा. तो नकाशावर शोधूच नका.

मग सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून देशभरातल्या पिनकोडची यादी उतरवून घ्या. तिच्यात दर ओळीत एक पोस्ट आणि त्याचे अक्षांश-रेखांश असतात. एक्सेलमध्ये पिनकोडचा रकाना ‘टेक्स्ट’ करा आणि ‘४११ ००४’ मधली मोकळी जागा काढून टाका, नाहीतर जुळणी होणार नाही.

आता खरी अडचण. यादीत एक पिनकोड शोधला की ग्रामीण भागात बहुतेक वेळा एक ओळ येत नाही, अनेक येतात: एक उपडाकघर आणि त्याच्या हाताखालची शाखा डाकघरं. सगळ्यांचा क्रमांक एकच. इथे लोक दोन चुका करतात. काही जण वरची पहिली ओळ उचलतात. काही जण सगळ्या अक्षांश-रेखांशांची सरासरी काढतात, आणि ही चूक जास्त वाईट. मधोमध निघालेला बिंदू धरणाच्या पाण्यातही पडू शकतो, आणि एका ओळीतला आकडा चुकीचा असला तर सरासरी शेजारच्या तालुक्यात जाते. सरासरी कधीही काढू नका.

ओळ निवडायची ती पत्त्यातल्या ‘पो.’ वरून. ‘मु. पो.’ एकत्र असेल तर पोस्ट गावातच आहे. त्या नावाची ओळ घ्या. ‘मु.’ एक आणि ‘पो.’ दुसरं असेल तर ओळ ‘पो.’ची घ्यायची, आणि मुक्कामाचं गाव त्या बिंदूच्या आसपास, त्याच तालुक्यात, नकाशावर शोधायचं. उलटं केलंत तर त्याच नावाचं दुसऱ्या तालुक्यातलं गाव हाती लागेल. वडगाव आणि पिंपळगाव राज्यात किती आहेत ते वेगळं सांगायला नको. यादीतली नावं इंग्रजीत आहेत आणि ‘गाव’चं स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं, म्हणून पहिल्या चार-पाच अक्षरांवरच शोधा. पण खुर्द-बुद्रुक गाळू नका. ती दोन वेगळी गावं असतात.

ओळ मिळाली तरी आकड्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. काही ओळींत आकडाच नसतो, काहींत अक्षांश-रेखांश उलटे असतात. महाराष्ट्रात अक्षांश साधारण १५.६ ते २२.१ आणि रेखांश ७२.६ ते ८०.९. अक्षांशाच्या रकान्यात ७३ दिसले तर अदलाबदल करा. ओळ आहे तशीच ठेवलीत तर पुण्याचं पोस्ट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाईल. दुसरा घोळ अंश-मिनिटांचा. पुण्याचे १८ अंश ३१ मिनिटं म्हणजे दशांशात १८.५२. कुणी ते १८.३१ लिहिलं तर खूण सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि आकडा मर्यादेत बसत असल्याने चूक दिसत नाही. म्हणून खूण उपग्रहचित्रावर उघडून बघाच. आणि तीही पोस्टाची इमारत आहे, तुमचं घर नव्हे. तिथून पुढे रस्ता, ओळखीची खूण, वस्तीचं नाव यांवरून जायचं.

उलट दिशेने, म्हणजे बिंदूवरून पिनकोड काढायचा असेल तर ‘सगळ्यात जवळचं पोस्ट’ हा नियम वापरू नका. घराजवळचं पोस्ट कदाचित पत्रं वाटतच नसेल. यादीत ‘डिलिव्हरी’ आणि ‘नॉन डिलिव्हरी’ असा रकाना आहे तो याचसाठी. पिनकोडच्या हद्दींची फाइल क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि बिंदू कोणत्या हद्दीत पडतो ते पाहा.

दारापर्यंतची जागा हवी असेल तर टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन घ्या: १० चिन्हं, सुमारे ४ बाय ४ मीटरचा चौकोन. तो अक्षांश-रेखांशावरून निघतो, पिनकोडवरून निघत नाही. त्यामुळे ज्याचा पत्ता आहे त्यालाच दारात उभं राहून फोनवर तो काढायला सांगा.