जुनी लाकडी नाव घरीच कशी दुरुस्त करायची, तेही नागपूरच्या उन्हात

नागपुरात घरी नाव दुरुस्त करून राहिलो म्हटलं की लोक आधी हसतात, हसू द्या. भंडाऱ्याकडं वैनगंगेच्या काठानं फिरलात तर ढीवर लोकांचा एखादा जुना डोंगा किनाऱ्यावर पडलेला दिसू शकतो, मालकाशी नीट बोला, पटलं तर छोट्या हत्तीत (छोट्या मालवाहू टेम्पोत) टाकून घरी आणा. आणताना खाली दोन-तीन ठिकाणी जुने टायर किंवा पोती ठेवा, नाहीतर रस्त्यातल्या खड्ड्यांनीच अर्धे सांधे सुटतात.

घरी आणली की पहिलं काम म्हणजे सावली. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत, अशा हवेत फळी रुंदीला आकसते आणि सांध्यात फटी पडतात, म्हणजे नावेला पाण्यापेक्षा उन्हानं जास्त मारलेलं असतं. वर हिरवी जाळी बांधा, नाव जमिनीपासून फूटभर उंच टेकूंवर ठेवा म्हणजे वाळवी लागली तर लगेच दिसते. जमत असेल तर काम हिवाळ्यातच सुरू करा.

मग तपासणी. टोच्या घ्या आणि इंच-इंच टोचत जा, मुख्यतः तळाच्या मधल्या लाकडाला आणि जिथे आतली आडवी लाकडं फळीला टेकतात तिथे, कारण पाणी तिथेच साचतं. टोच्या लोण्यात गेल्यासारखा आत गेला की लाकूड कुजलं, ते कापायचंच, वरून रंग मारून काही होत नाही. लोखंडी खिळ्याभोवती काळा डाग असेल तर खिळा गंजलाय आणि आजूबाजूचं लाकूडही कमजोर झालंय असं समजा. जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून घासा, मास्क लावा, पोरांना लांब ठेवा.

आता लाकूड. नवीन साग घ्यायची गरज नाही. महालात, इतवारीत जुनी घरं पडतात तेव्हा सागाच्या कड्या, दारं, चौकटी निघतात, लकडगंजच्या बाजूला जुना माल विचारत फिरा, आणि हवी तेवढी जाडी आरा मशीनवर काढून घ्या. पण आधी चुंबक फिरवा बरं का, आत मोडलेला खिळा राहिला तर ब्लेड जातं आणि मशीनवाला जे बोलतो ते इथे लिहिता येत नाही. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तरी कापू नका, त्यात क्रिओसोट (लाकूड कुजू नये म्हणून वापरतात ते डांबरी तेल) मुरलेलं असतं, ते तब्येतीला वाईट. आतल्या वाकड्या लाकडांसाठी बाभळीची मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधा, सरळ फळीतून वाकडा तुकडा कापला तर लाकडातल्या रेषा मधेच तुटतात आणि तो तिथूनच फाटतो. प्लायवूड लागलंच तर आयएस ७१० छापलेलं मरीन प्लायच घ्या.

फळीचा तुकडा जोडताना सांधा तिरपा घ्यायचा, उतार जाडीच्या निदान आठपट, म्हणजे एक इंच फळीला आठ इंच. साग तेलकट असतो, चिकटवायच्या आधी थिनरनं पुसा. इपॉक्सी (दोन भाग मिसळून होणारा गोंद) सकाळी लवकर, थोडी-थोडी कालवा आणि पसरट ताटलीत ठेवा, खोल डब्यात ठेवली तर आपल्या गर्मीत ती तापून डब्यातच दगड होते. खिळे एकाच जातीचे, तांब्याजवळ लोखंड ठोकलं की पाण्यात लोखंड लवकर गंजतं.

सगळ्यात जास्त वेळ फटी भरण्यात जातो आणि जायलाच पाहिजे. फट बाहेरून उघडी, आतून मिटलेली हवी. आधी आत पातळ रंगाचा हात द्या, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं (म्हणजे पुट्टीतलं) सगळं तेल पिऊन टाकतं. मग कापसाची सैल पिळाची दोरी घ्या, भोथऱ्या पटाशीनं थोडी-थोडी वळ्या पाडत आत बसवा (धारदार घेतली तर दोरी कापते), हातोडी हलकी. वर खडूची पावडर आणि जवसाच्या तेलाची लांबी, तीही काठोकाठ नको, थोडी खोलगट राहू द्या, कारण पाण्यात फळी फुगते आणि लांबी बाहेर ढकलते. फटीत इपॉक्सी कधीच भरू नका, फळीला फुगायला जागा राहत नाही आणि खिळे उपटतात. फट खूपच रुंद असेल तर सागाची पातळ पट्टी एकाच बाजूला चिकटवून बसवा.

शेवटी बाहेरून रंग, आतून उकळलेलं जवसाचं तेल. तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात फेकाल तर ते आपोआप पेटू शकतं, उन्हाळ्यात तर हमखास भीती, म्हणून एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

पाण्यात टाकायच्या आधी आतून ओलं बारदान पसरा, रोज पाणी मारा, चार-पाच दिवस तरी. फळ्या फुगतात, फटी मिटतात. पहिल्या दिवशी थोडं पाणी झिरपणारच, डबा सोबत ठेवा, कमी होत गेलं तर ठीक, वाढलं तर नाव बाहेर. अंबाझरी, फुटाळ्यात सरळ नेऊन सोडता येत नाही, तलाव ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी काढा, आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घाला.