स्कूटर उघडी पडलेली असताना वेबसाइट चालती कशी ठेवावी

जुन्या गाड्यांवर एकट्यानं काम करायचं आणि त्या कामाची वेबसाइटही एकट्यानंच चालवायची, असे दोन्ही नाद लागलेल्यांसाठी हे लिहितोय. माझ्याकडे दोन चेतक आणि एक प्रिया अशा तीन जुन्या स्कूटर आहेत. एका वेळी एकच गाडी उघडायची हा नियम मी केला, पण तिन्ही उघड्या पडल्यावर.

‘वेळापत्रक करा, शनिवारी गाडी, रविवारी लेख’ असा सल्ला कुणी दिला तर मान डोलवा आणि विसरून जा. शनिवारी मॅग्नेटचा नट सुटत नाही, रविवारी तुम्ही तो मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार, म्हणजे पुलर, शोधत जुन्या बाजारात फिरत असता, आणि लेख राहतो तो राहतोच. वार वाटून काही होत नाही. लेखाचा कच्चा माल पाना हातात असतानाच गोळा व्हायला हवा, एवढीच खरी मेख आहे.

साइट उभी करणं. ह्यूगो किंवा जेकिल ही साइट बनवायची सॉफ्टवेअर वापरून साधी स्थिर पानं करा. डेटाबेस नको, दर महिन्याला अपडेट मागणारी यंत्रणा नको. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं लावा. झालं.

गाडी सुटी करणं. इथं मात्र सावकाश. माझी दोन वर्षं इथंच वाया गेली.

पहिल्या चेतकच्या वेळी मी नऊशेच्या आसपास फोटो काढले. फार काळजीपूर्वक काम केलं असं वाटत होतं. पाच महिन्यांनी इंजिन परत चढवताना फोटो उघडले, तर सगळे काळे, तेलकट आणि एकसारखे. इंजिन उतरवायला गिअरच्या दोन वायरी, क्लचची वायर, मागच्या ब्रेकची, चोकची, अ‍ॅक्सिलरेटरची असं सगळं सोडवावं लागतं. त्यातल्या गिअरच्या दोन वायरी दिसायला जुळ्या बहिणी. माझ्या त्या उलट्या बसल्या. मूठ फिरवली की गिअर भलत्याच दिशेनं पडायचे. ते मी दुरुस्त केलं, पण तोवर आठवणीवर विसंबून साइटवर ‘डावी वायर वरच्या बाजूला’ असं छातीठोकपणे लिहून ठेवलं होतं. एका वाचकानं ते प्रमाण मानलं आणि त्याचा अख्खा रविवार माझ्या वाक्यापायी गेला.

चूक कशी झाली ते पाहा. खालून काम करायला सोपं पडावं म्हणून मी गाडी जुन्या गादीवर आडवी केली होती. आडव्या गाडीच्या फोटोत वर-खाली राहत नाही. आणि डावी म्हणजे कुणाची डावी? मागे उकिडवं बसलेल्याची, की समोरून टॉर्च धरलेल्याची? तेव्हापासून माझ्याकडे डावी-उजवी एकच, सीटवर बसणाऱ्याची. साइटच्या प्रत्येक पानावर हे वर लिहिलेलं आहे, भले कुणाला बाळबोध वाटो.

आता कुठलाही नट सैल करण्याआधी मी पुठ्ठ्याचा तुकडा घेतो. त्यावर जाड पेनानं भागाचं नाव, क्रमांक आणि पुढच्या चाकाकडे तोंड केलेला बाण. हा तुकडा भागाशेजारी धरून दोन फोटो: एक लांबून, ज्यात आजूबाजूचं ओळखीचं काहीतरी दिसेल, आणि एक जवळून. मग भाग सोडवायचा, आणि तोच पुठ्ठा नट-वायसरांबरोबर पिशवीत टाकायचा. बाण विसरलात तर फोटो काढलाच नाही असं समजा.

हात तेलात असताना लिहायला जाऊ नका, फोनवर बोलून ठेवा. ‘तीन नंबर, वायसर आधी, स्प्रिंग नंतर, सर्क्लिप झिजलीय’ एवढं पुरे. त्याच रात्री, जेवायच्या आधी, ते ऐकून वहीत उतरवायचं. ‘उद्या करू’ म्हणालात की संपलं. दुसऱ्या दिवशी स्वतःचाच आवाज कळत नाही, हे मी अनुभवानं सांगतो. व्हिडिओ काढणाऱ्यांना माझा विरोध नाही, पण चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत एक वायसर शोधायला पन्नास मिनिटं लागतात.

लिहिणं. वही नीट असेल तर एका संध्याकाळचं काम. गाडी जोडून तीनशे किलोमीटर चालेपर्यंत मात्र ‘असं करा’ लिहू नका, ‘मी असं केलं’ लिहा. आकडा दिला तर कुठल्या गाडीचा तेही लिहा. चेतक 1972 पासून पुढे तीन दशकांहून जास्त निघत राहिली. कुणाची 6 व्होल्टची, कुणाची 12 व्होल्टची. पॉइंटचं (मॅग्नेटमागच्या, ठिणगी पाडणाऱ्या उघडझाप संपर्काचं) अंतर 0.3 ते 0.5 मिलिमीटर ही माहिती पॉइंटवाल्या गाडीसाठी सोन्यासारखी आहे. इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाला बिचारा मॅग्नेट काढून पॉइंट शोधत बसेल.

फोटो 1200 पिक्सेल रुंदीचे करा आणि त्यातली ठिकाणाची नोंद पुसून टाका. जुनी स्कूटर कुठल्या पार्किंगमध्ये उभी आहे हे जगाला सांगायची गरज नाही. चासी नंबरही झाका.

पत्रं. आठवड्यातून एकदा, एका बैठकीत. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तर पान सुधारा. मला सर्वांत जास्त विचारतात ते ‘माझी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येईल का’. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, त्यामुळे वडिलांची 1988 ची चेतक कितीही लाडकी असली तरी नाही. हे एक पान लिहिल्यापासून माझी पत्रं निम्म्यावर आली.

पावसाळा. दमट हवेत रंग मारू नका, पांढरट धुरकट थर येतो आणि सगळं पुन्हा घासावं लागतं. पुण्यात जून ते सप्टेंबर मी रंगाचा डबा उघडतच नाही. पत्रे प्रायमर मारून गुंडाळून ठेवतो आणि वह्या बाहेर काढतो. वर्षभराची निम्म्याहून जास्त पानं याच चार महिन्यांत लिहून होतात. सध्या प्रियाच्या पिशव्यांत सतरा नंबरचा पुठ्ठा सापडत नाहीये, तेव्हा तिचं गिअरबॉक्सचं पान थांबलंय.